दात्याची पाटी नको, हक्काचे सहा पैसे द्या!



मुंबई-पुण्याहून निघालेला महामार्ग सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत बेंगळुरूत शिरतो तो पीण्या औद्योगिक क्षेत्राला लागून. 1970 च्या दशकात वसवलेल्या या वसाहतीत आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. लेथवाले, टूलरूमवाले, प्लेटिंगवाले, पावडर कोटिंगवाले, आणि हजारो बायांच्या शिलाईवर चालणारे तयार कपड्यांचे कारखाने. यशवंतपूर स्थानकात काम करणाऱ्या आमच्या रेल्वे बांधवांना हा भाग नवा नाही. पीण्याच्या गल्ल्यांतून रोज सायकल फिरवणाऱ्या आमच्या पोस्टमनला तर तिथल्या शेडचे क्रमांक तोंडपाठ आहेत.

या पीण्यातून दरवर्षी ग्रंथालयांसाठी पैसा वसूल होतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

कर्नाटकात 1965 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्या कायद्याने मालमत्ता कराच्या दर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर म्हणून घेतले जातात. बेंगळुरूत मालमत्ता कराबरोबर 15 टक्के आरोग्य उपकर, 6 टक्के ग्रंथालय उपकर आणि 3 टक्के भिक्षुक उपकर वसूल होत आला आहे. कारखान्याची शेड असो की चाळीतली खोली, हा कर कोणाला चुकत नाही. भाड्याने राहणारा कामगार म्हणेल, माझा काय संबंध? संबंध आहे. घरमालक कर भरतो तो तुमच्या भाड्यातून, आणि शेडमालक भरतो तो तुमच्या घामातून झालेल्या मालाच्या किमतीतून. पावती कोणाच्याही नावाची असो, पैसा कामगाराचा आहे.

पैसा गेला कुठे?

कायदा सरळ आहे. स्थानिक संस्थेने हा उपकर गोळा करायचा आणि ग्रंथालय प्राधिकरणाच्या हवाली करायचा. महापालिका येथे मालक नाही, केवळ वसुली कारकून आहे. आपल्या खात्यात पोस्टमन मनीऑर्डरचे पैसे घेऊन निघाला आणि वाटेत त्यातून त्याने आपल्या घराचे भाडे भरले, तर त्याला काय म्हणतात? अफरातफर म्हणतात. निलंबन होते, खटला होतो, नोकरी जाते. बेंगळुरूच्या महापालिकेने ग्रंथालयांच्या नावाने घेतलेले पैसे वर्षानुवर्षे ग्रंथालयांना पूर्ण दिले नाहीत. थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या. कोणाचे निलंबन झाले? कोणाची नोकरी गेली? गरीब टपालवाल्याला एक न्याय आणि महापालिकेला दुसरा, हे आम्हांला मान्य नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये त्या महापालिकेच्या जागी पाच नव्या महापालिका आल्या. नव्या इमारती, नवे आयुक्त, नव्या पाट्या. आमचा प्रश्न एवढाच की जुन्या महापालिकेचे हे देणे पाचांपैकी कोणाच्या वहीत लिहिले गेले? वाटणीच्या वेळी भाऊ दागिने वाटून घेतात आणि कर्ज अंगणात सोडून देतात. येथेही तसे होऊ नये म्हणून आत्ताच विचारले पाहिजे. उद्या विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

भिक्षुकांसाठी रुपयामागे तीन पैसे आणि ग्रंथालयासाठी सहा. म्हणजे कायद्याने ग्रंथालयाला दुप्पट दिले. आणि तरीही झोळी घेऊन दारोदार फिरायची पाळी आली आहे ती ग्रंथालयावरच!

झोळीचा धंदा

होय, झोळीच. सरकारकडे पैसा नाही, असे एकदा सांगितले की पुढचे वाक्य ठरलेले असते: "उद्योगपतींनी पुढे यावे." 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. कोणत्या कामांवर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि त्यात सार्वजनिक ग्रंथालय उभारणेही आहे. वाचायला छान वाटते. पण त्या यादीतून काय निवडायचे, कोणत्या गावाला द्यायचे, किती वर्षे द्यायचे, हे ठरवणार कंपनीचे संचालक मंडळ. ग्रंथालयात बसणारा वाचक नाही, तिथला कर्मचारी नाही, गावही नाही. शिवाय हे बंधन फक्त मोठ्या कंपन्यांना. पीण्यातल्या पाच लेथच्या कारखान्याला ते लागूच नाही. तो कारखाना ग्रंथालयासाठी देतो ते सहा पैसेच, आणि ते वाटेत अडकतात.

म्हणजे चित्र असे. जो पैसा कायद्याने सक्तीचा, नियमित आणि लोकांचा आहे, तो दाबून ठेवायचा. जो पैसा मर्जीचा, अनियमित आणि मालकाच्या नावाचा आहे, त्याच्यासाठी हात जोडायचे. वर मांडव घालून, हार घालून, संगमरवरी पाटी बसवून टाळ्या वाजवायच्या त्या आपणच! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार आहे, आणि हलवाई आपण आहोत.

दात्यांचा मुकुटमणी

ग्रंथालयांच्या दात्यांत जगात पहिले नाव घेतले जाते ते अमेरिकेच्या अँड्र्यू कार्नेगीचे. पोलादाच्या या राजाच्या पैशातून जगभरात 2,509 ग्रंथालये उभी राहिली. आकडा खोटा नाही, आणि त्या इमारतींत बसून अनेक गरिबांची मुले शिकली हेही खोटे नाही. परंतु पैसा आला कुठून?

1892 च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली. युनियन मोडायची असे व्यवस्थापनाने ठरवलेच होते. पिंकर्टन कंपनीचे 300 भाडोत्री सशस्त्र लोक नदीतून नावांनी आणले. 6 जुलैला गोळीबार झाला, माणसे मेली, मागून सरकारी फौज आली, युनियन मोडली. पाळी बारा तासांची राहिली. सहा वर्षांनी, 1898 मध्ये, त्याच कामगारवस्तीला कार्नेगीने भव्य ग्रंथालय बांधून दिले. भट्टीसमोर बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येऊन जेवेल, झोपेल की पुस्तक उघडेल? आठ तासांचा दिवस नाकारणाऱ्याने दिलेले ग्रंथालय म्हणजे दात काढून घेऊन चण्यांचे पोते देणे झाले.

तरीही कार्नेगीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो गावाला इमारतीचे पैसे देई, पण अट घाली की जागा गावाने द्यावी आणि दिलेल्या रकमेच्या दहा टक्के एवढा पैसा गावाने दरवर्षी आपल्या करातून ग्रंथालयावर खर्च करावा. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या दात्यालाही पक्के ठाऊक होते की दानावर इमारत उभी राहते, ग्रंथालय चालते ते करावर. दिवा, पुस्तके, झाडलोट, पगार, हे सगळे कायम लागते. आमचे आजचे पाटीवाले दाते एवढेही समजून घेत नाहीत.

कामगारांनी काय केले?

ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग गावाने 1904 मध्ये काय केले ते वाचण्यासारखे आहे. कार्नेगीचे दान आले होते. गावच्या कामगार संघटनांनी होमस्टेडची आठवण ठेवून विरोधाचा प्रचार केला आणि मतदानात दान फेटाळले गेले. संघटनांचा विरोध पुस्तकांना मुळीच नव्हता. पुढे गावाने स्वतःच्या करातून स्वतःचे सार्वजनिक ग्रंथालय बांधले. दान नाकारल्याने गाव अडाणी राहिले नाही.

वेल्समधल्या कोळसा खाणींकडे पाहा. तिथल्या खाणकामगारांनी आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी कापून घेऊन गावोगाव कामगार भवने उभारली आणि प्रत्येक भवनात ग्रंथालय. 1920 च्या कायद्याने मालकांवर दर टन कोळशामागे एक पेनी असा कल्याणनिधी बसला, तो या संस्थांनाही मिळाला. पुस्तके कोणती घ्यायची ते कामगारांची समिती ठरवी. ट्रेडेगार गावच्या अशाच ग्रंथालयात वाचत, त्याच्या समितीवर काम करत वाढलेला अन्यूरिन बेव्हन नावाचा खाणकामगार पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. 1948 मध्ये त्याने सर्व जनतेसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. टनामागच्या पेनीने किती काम केले पाहा!

आपल्याकडेही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन तज्ज्ञ आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने एक हिस्सा, प्रांत पंचायतीने एक हिस्सा, सरकारने एक हिस्सा, असे सूत्र होते. राजा होता, मनात आणता तर सगळे दान म्हणून देऊन नाव कोरून घेता. पण त्याने हिशेब बांधून दिला. दान आणि हिशेब यांतला हाच फरक आहे.

दात्याचे मन बदलले की

दानाची दुसरी खोट अशी की ते कधी थांबेल याचा नेम नाही. गेट्स प्रतिष्ठानने वीसएक वर्षे अनेक देशांतल्या ग्रंथालयांना संगणक आणि प्रशिक्षण यांसाठी पैसा दिला. 2018 च्या अखेरीस तो कार्यक्रम त्यांनी बंद केला. कोणाला विचारले? कोणालाच नाही. पैसा त्यांचा, मर्जी त्यांची.

यावर कोणी म्हणेल, सरकारी पैसाही थांबतोच की. थांबतो. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी ग्रंथालये आणि संग्रहालये यांना केंद्रीय अनुदान देणारी संस्थाच मोडीत काढण्याचा हुकूम काढला. पण तिथे पुढे काय झाले? 21 राज्ये न्यायालयात गेली. ग्रंथपालांच्या संघटनेबरोबर सार्वजनिक कर्मचाऱ्यांची ॲफ्समे ही युनियनही न्यायालयात गेली. कारण पैसा कायद्याने मंजूर झालेला होता, आणि कायद्याचा पैसा अडवला तर जाब विचारता येतो. गेट्सने हात आखडला तेव्हा कोणाला न्यायालयात जाता आले? दात्याला धन्यवाद देता येतात, जाब विचारता येत नाही. आम्हांला जाब विचारता येईल असा पैसा हवा.

घरची गोष्ट

कर्नाटकाला नावे ठेवून महाराष्ट्राने मिशा पिळण्याचे कारण नाही. भारतात ग्रंथालयाचा पहिला कायदा झाला तो कोल्हापूर संस्थानात, 1945 मध्ये. स्वतंत्र भारतातला पहिला कायदा 1948 चा, मद्रासचा. तामिळनाडूत आज मालमत्ता कराच्या रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयाला जातात. महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला, पण उपकराची तरतूदच केली नाही. सारा गाडा अनुदानावर. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालये त्या अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात.

ते अनुदान किती? 'ड' वर्गाच्या वाचनालयाला 2012 च्या दराने वर्षाला 30,000 रुपये. दहा वर्षे दर तेच राहिले. त्यानंतर 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48,000. त्यातले निम्मे पगारासाठी. 24,000 भागिले बारा करा. महिना 2,000 रुपये! एवढ्या पैशात ग्रंथपाल, शिपाई आणि सफाई कामगार या तिन्ही भूमिका एकाच माणसाने करायच्या. या कर्मचाऱ्यांनी वेतनश्रेणी मागून मागून कित्येक सरकारे पाहिली. गावोगावच्या ग्रंथोत्सवात वाचन संस्कृतीवर भाषणे होतात, तेव्हा खुर्च्या मांडणारा माणूस हाच असतो. वाचन संस्कृतीचा पाया 2,000 रुपयांवर घालणाऱ्यांनी आम्हांला वाचनाचे महत्त्व शिकवू नये.

म्हणजे कर्नाटकात हक्क आहे पण पैसा पोचत नाही, आणि महाराष्ट्रात पैसा थोडाफार पोचतो पण हक्क नाही. दोन्हीकडे वाचक आणि ग्रंथालय कर्मचारी उपाशी. यात कन्नड-मराठी असा वाद घालणाऱ्याला आम्ही दुरूनच नमस्कार करतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे आहे, आणि उपकराचे सहा पैसे घेताना कोणी करदात्याची मातृभाषा विचारीत नाही.

आमचे खाते, आमची जबाबदारी

आता कोणी विचारील, रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पत्रिकेत ही ग्रंथालयाची पोथी कशाला? कारण आपण स्वतः ग्रंथालयांच्या पोशिंद्यांपैकी एक आहोत. स्वस्त टपालदर हेही ग्रंथालयांना दिलेले सार्वजनिक अनुदानच असते. अमेरिकेत 1938 पासून पुस्तकांना वेगळा स्वस्त दर आहे. जगभर अंधांसाठीचे साहित्य विनामूल्य जाते. आपल्याकडे नोंदणीकृत बुक पोस्टने पाच किलो पुस्तके 80 रुपयांत देशाच्या कोणत्याही टोकाला जात. आर.एम.एस.च्या डब्यांत आमच्या सॉर्टर बांधवांनी ती गाठोडी वर्षानुवर्षे हाताळली. 18 डिसेंबर 2024 रोजी ती सेवा गुपचूप बंद झाली. ओरड झाल्यावर 1 मे 2025 पासून ज्ञानपोस्ट आली. पाच किलोला 100 रुपये, वर कर वेगळा, आणि नियतकालिकांना त्यात प्रवेश नाही. खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाने पुस्तक मागवायचे तर ही वाढ कोणाच्या खिशातून? त्या 48,000 मधूनच.

रेल्वेतही पाहा. इन्स्टिट्यूटमधली पुस्तकांची कपाटे एके काळी आपल्या वसाहतींची शान होती. आज किती इन्स्टिट्यूटमध्ये त्या कपाटांच्या किल्ल्या सापडतात? कर्मचारी लाभ निधीत रेल्वे दर कर्मचाऱ्यामागे दरवर्षी ठरावीक रक्कम टाकते, आणि त्याच्या समितीवर मान्यताप्राप्त युनियनचे प्रतिनिधी बसतात. खेळ, सहली, करमणूक यांना पैसा जावाच. पण पुस्तकांसाठी काय ठेवले, हे आपल्या प्रतिनिधीला विचारायला कोणाची हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. मुंबई राज्याच्या 1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्यात निधी कशावर खर्च करावा याची यादी आहे, आणि तिच्या आरंभीच वाचनकक्ष आणि ग्रंथालये आहेत. आपल्या आधीच्या पिढीने ही गोष्ट कायद्यात लिहवून घेतली. आपण निदान ती वाचून तरी काढू या.

शंका घेणाऱ्यांना उत्तर

काही जण म्हणतात, आता सगळे मोबाईलवर मिळते. मिळते का? दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे, बाहेर गोंगाट. अशा घरातला मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मोबाईलवर करील, पण बसून कुठे? ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तके नव्हेत. टेबल, खुर्ची, दिवा, शांतता आणि वर्तमानपत्र हेही त्यातच आले. ज्यांच्या घरात स्वतंत्र अभ्यासिका आहे त्यांनीच मोबाईलचा सल्ला द्यावा!

काही जण म्हणतात, दान मिळते आहे तर घ्या, नाकाला मिरच्या कशाला? आम्ही दान घेऊ नका असे म्हणत नाही. कोणी शंभर पुस्तके दिली तर शंभर वाचक त्याचे आभार मानतील. आमचे म्हणणे एवढेच की दान हे जेवणातले लोणचे आहे. लोणचे वाढले म्हणून भाकरी बुडवू देणार नाही. आधी उपकराची भाकरी पानात पडू द्या.

आणि काही जण म्हणतात, कामगाराला वाचायला वेळ कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे, पण तो आम्हांला विचारू नका. जादा तास लादणाऱ्याला विचारा. दुसरी पाळी सुटल्यावर उघडे असणारे वाचनालय नाही, म्हणून कामगार येत नाही. आणि कामगार येत नाही, म्हणून वाचनालय नको, हा युक्तिवाद आम्ही चालू देणार नाही.

आमच्या मागण्या

1. बेंगळुरूच्या जुन्या महापालिकेने वसूल केलेल्या ग्रंथालय उपकराचा वर्षवार हिशेब जाहीर करावा आणि पाचांपैकी कोणती महापालिका किती देणे फेडणार हे लेखी सांगावे.

2. यापुढे उपकर वसूल होताच थेट ग्रंथालय प्राधिकरणाच्या खात्यात जमा व्हावा. महापालिकेच्या तिजोरीत त्याचा मुक्काम नको.

3. पीण्यासारख्या औद्योगिक भागातून जमणाऱ्या उपकरातून त्याच भागात पाळीच्या वेळा पाहून उघडी राहणारी वाचनालये चालवावीत. तिथे कन्नडबरोबर कामगारांच्या इतर भाषांतली पुस्तकेही असावीत आणि बायांना निर्धास्त बसता यावे.

4. महाराष्ट्रात ग्रंथालयांना कायद्याने बांधलेला कायमचा निधी मिळावा आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांना किमान वेतन मिळालेच पाहिजे.

5. ग्रंथालयांसाठी जुन्या बुक पोस्टसारखा स्वस्त टपालदर पुन्हा सुरू करावा आणि त्यात नियतकालिकेही घ्यावीत.

यातली पहिली मागणी पुढे रेटायला मोर्चाचीही गरज नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज पुरतो. बेंगळुरूतल्या आपल्या शाखांनी पाचही महापालिकांना आणि ग्रंथालय खात्याला एकाच दिवशी असे अर्ज टाकावेत, असे आमचे आवाहन आहे. उत्तर आले तर हिशेब हाती येईल, न आले तर अपील करता येईल, आणि दोन्ही वेळा लबाडी उघडी पडेल.

हे जमेल का, असे ज्यांना वाटते त्यांनी एप्रिल 2016 आठवावा. भविष्य निर्वाह निधीतला स्वतःचा पैसा काढण्यावर सरकारने बंधन आणले तेव्हा बेंगळुरूच्या शिलाई कामगार बाया रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्ता अडला, तुमकूर रस्त्यावर पीण्याजवळचा जालहळ्ळी क्रॉस अडला. दोन दिवसांत दिल्लीच्या सरकारने तो नियम मागे घेतला. त्यांची मागणी एका वाक्याची होती: आमचा पैसा आम्हांला द्या. ग्रंथालयाची मागणीही तेवढीच आहे. फक्त हा पैसा एका-एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे. म्हणूनच तो मागायला कोणी एकटा पुढे येत नाही, आणि म्हणूनच तो मागणे हे संघटनेचे काम आहे.